प्रकाशोत्प्रेरक: जंतू नेमके कोण मारतो?

प्रश्न: हवाशुद्धी यंत्राच्या माहितीपत्रकात 'प्रकाश उत्प्रेरकाद्वारे हवेचे निर्जंतुकीकरण' असं छापलंय. इथे उत्प्रेरक कोण, प्रकाश का? आणि 'निर्जंतुकीकरण' चालेल?

रसायनवाला: उत्प्रेरक म्हणजे आतल्या जाळीवरचा लेप. बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन जागा सोडतात. मग हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प यांच्यापासून हायड्रॉक्सिलसारखे आक्रमक मूलक, म्हणजे समोर येईल त्याच्याशी झटकन अभिक्रिया करणारे कण, तयार होतात. जिवाणूचं पटल, विषाणूचं आवरण फोडतात ते हे. लेप स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून तो उत्प्रेरक. प्रकाश फक्त ऊर्जा पुरवतो.

व्याकरणप्रेमी: घोळ समासाचा आहे. 'प्रकाश उत्प्रेरक' असं सुटं लिहिलं की 'प्रकाश हाच उत्प्रेरक' असा कर्मधारय वाचला जातो. अभिप्रेत आहे मध्यमपदलोपी: प्रकाशाने चेतणारा उत्प्रेरक. 'प्रकाशोत्प्रेरक' असा संधी केला तरी विग्रह संदिग्धच राहतो, पण निदान तो एक शब्द वाटतो. माहितीपत्रकात मी सरळ 'प्रकाशाने चेतणारा लेप' लिहीन.

रसायनवाला: मान्य. या विषयाची पाळंमुळं जपानची. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली दाखवलं ते टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन. जंतूंचा तिथे संबंधच नव्हता. १९८५मध्ये मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम लावलेल्या त्याच पदार्थाने सूक्ष्मजंतू मारून दाखवले, तेही पाण्यात. हवेचा प्रश्न आणखी अवघड, कारण जंतू लेपापर्यंत पोहोचायला हवा. पंखा कमजोर असेल तर खोलीच्या कोपऱ्यातला जंतू सुखात राहील.

दवाखान्यातली: म्हणूनच 'निर्जंतुकीकरण' मला खटकतं. आमच्याकडे तो शब्द ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून) निघालेल्या हत्यारांसाठी: जिवाणूंचे चिवट बीजाणूसुद्धा शिल्लक राहता कामा नयेत. कोविडच्या काळात रस्त्यावर फवारा मारला तरी 'निर्जंतुकीकरण'! हवेसाठी 'जंतुनाशन' म्हणा, किंवा 'जंतू कमी करणे'. विकणाऱ्याला ते आवडणार नाही, ते सोडा.

प्रश्न: आणि रुग्णालयातले ते निळसर दिवे? तेही हेच?

दवाखान्यातली: नाही. साधारण २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे ते जंबुपार किरण जंतूच्या जनुकद्रव्यावरच आघात करतात. तिथे मारेकरी खुद्द प्रकाश, लेप नाहीच.

व्याकरणप्रेमी: 'अतिनील' की 'जंबुपार' हा वादही इथेच मिटवू या. दृश्य प्रकाशात टोकाचा रंग जांभळा, त्यापलीकडचे ते जंबुपार. 'अतिनील' रूढ आहे खरा, पण नीळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळाच येतो.

रसायनवाला: मूळ प्रश्नाकडे वळतो. या कामात सर्रास वापरतात त्या अ‍ॅनाटेज प्रकारच्या टायटॅनियम डायऑक्साइडला साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. घरातल्या एलईडीत तो जवळपास नसतोच. तेव्हा 'खोलीच्या उजेडावर चालते' असं लिहिलं असेल, तर लेप कशाचा आहे ते विचारा. टंगस्टन ट्रायऑक्साइडसारखा दृश्य प्रकाशाला दाद देणारा असेल तर बोलण्यात अर्थ आहे. आणि आत स्वतंत्र दिवा असेल, तर त्याची तरंगलांबी विचारा.