नवी गाडी, ४,३०० किमी: पुढून डावीकडून टक-टक, लिंक बदलूनही आवाज तसाच

कोथरूडकर_४३

गाडी पाच महिन्यांची. छोटी पेट्रोल एसयूव्ही, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई), इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग. पुढून डावीकडून टक-टक येते. वेग १० ते २० आणि खाली पेव्हर ब्लॉक, उखडलेली खडी किंवा ड्रेनेजच्या झाकणाची कड असली की हमखास. मोठ्या स्पीड ब्रेकरवरून मात्र गप्प. ४०च्या पुढे टायरच्या आवाजात काही ऐकूच येत नाही.

सर्व्हिस सेंटरला दोन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा बुशवर (सांध्यांतल्या रबरी अस्तरावर) सिलिकॉन स्प्रे मारला, दुसऱ्यांदा दोन्ही बाजूंच्या स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडीचा कल आवरणारा आडवा रॉड चाकाकडच्या भागाशी जोडणाऱ्या काड्या) बदलल्या. फरक शून्य. आता म्हणतात, "या मॉडेलला एवढं असतंच." तिसऱ्या फेरीआधी स्वतः काय काय तपासू? वॉरंटीला धक्का लागेल असं काही खोलायचं नाही.

ग्रीसगन

"असतंच" हे उत्तर घेऊ नका. कडक राइड हा मॉडेलचा स्वभाव असू शकतो, एकाच बाजूची टक-टक नाही. उजवीकडेही तोच पार्ट बसवलाय आणि तो गप्प आहे ना?

आधी गाडी रिकामी करा. जॅक, पाना, टो हुक बाहेर काढा. स्टेपनीचा मधला स्क्रू हाताने आवळा. दाराच्या कप्प्यातली बाटली, ग्लोव्ह बॉक्स, मोकळ्या सीटबेल्टचं प्लास्टिकवर आपटणारं बक्कल, सगळं बघा. बोनेट उघडून बॅटरी धरून हलवा. क्लॅम्प सैल असला तर अगदी सस्पेन्शनसारखा आवाज येतो. बोनेट टेकतं ते दोन रबरी स्टॉपर अर्धा-अर्धा फेरा वर घेऊन पाहा. हे पोरकट वाटेल, पण कानावर विसंबू नका. पत्र्यातून फिरून आलेला आवाज केबिनमध्ये भलत्याच कोपऱ्यातून ऐकू येतो.

मग टायरची हवा, थंड टायरला, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. यार्डातून आलेल्या गाड्यांत ती जास्त भरलेली सापडते, आणि जास्त हवेवर प्रत्येक खडा सस्पेन्शनपर्यंत पोचतो.

आता खरी चाचणी. एकच रस्ता निवडा, वेग १५. पहिली फेरी नेहमीसारखी. दुसऱ्या फेरीत त्याच पट्ट्यावर ब्रेक अगदी हलका दाबून ठेवा, गाडी थांबणार नाही इतपतच. आवाज बंद झाला तर दोषी ब्रेक: पॅडची स्प्रिंग क्लिप बसलेली नाही किंवा कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन सैल. पॅड दाबले गेले की खुळखुळ थांबते. काहीच फरक पडला नाही तर ब्रेकचा विषय सोडून द्या.

त्यानंतर एक इंचभर जाडीची लाकडी पट्टी किंवा जाड होज रस्त्यावर टाका. एकदा दोन्ही चाकं एकदम न्या, एकदा फक्त डावं. दोन्ही चाकं एकत्र उचलली गेली की स्टॅबिलायझर रॉड पिळला जात नाही, नुसता बुशात फिरतो. एकच चाक उचललं की पीळ बसतो आणि लिंकवर जोर येतो. म्हणजे फक्त एका चाकाला आवाज आला तर रॉड, त्याचे बुश किंवा लिंक. दोन्हींत आला तर रॉडवरचा संशय कमी.

दोन_नंबर_गिअर

दोन्ही शॉकअप बदलून मागा. वॉरंटीत आहे, तुमच्या खिशातून काय जातंय?

ग्रीसगन

@दोन_नंबर_गिअर, जातंय. स्ट्रट काढला की तो चाक धरणाऱ्या नकलशी जोडणारे दोन बोल्ट सुटतात, कॅम्बर (चाकाचा उभा कल) हलतो, अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. आणि चार हजार किमीत शॉकअप गेला असेल तर बहुतेक वेळा दांड्याच्या सीलखाली तेल उतरलेलं दिसतं. डस्ट कव्हर वर सरकवून बघा. धूळ चिकटून ओला काळा पट्टा झालाय? तर बोला. नुसता ओलसरपणा म्हणजे गळती नव्हे. बोनेटवर भार देऊन गाडी हलवण्याच्या चाचणीवरही जाऊ नका, त्या संथ हालचालीत टक-टक उमटतच नाही.

वाहतूकवाला

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. काही कंपन्या कारखान्यातून ट्रेलरवर गाडी चढवताना पुढच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी किंवा प्लास्टिकचे ठोकळे घालतात, वाटेत गाडी दचके खाऊन खाली आपटू नये म्हणून. डिलिव्हरीआधीच्या तपासणीत ते काढायचे असतात आणि कधीकधी राहून जातात. स्टेअरिंग पूर्ण वळवा, चाकाआडून टॉर्च मारा, दोन्ही बाजूंची वेटोळी ताडून बघा. एक मिनिटाचं काम.

पाना१७

लिंक बदलूनही रॉड संशयातून सुटलेला नाही, कारण रॉडचे बुश तसेच आहेत. त्यावरची चाचणी सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या: दोन्ही लिंक खालच्या बाजूने सोडायच्या, रॉड आणि लिंक केबल टायने बांधायच्या, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बूटला लागणार नाहीत. मग २०च्या आत, सरळ रस्त्यावर एक चक्कर. एकच बाजू सोडली तरी रॉड निकामी होतो, पण लोंबणारी लिंक स्वतःच खडखडते आणि निकाल बिघडतो. वळणावर जाऊ नका, गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते.

आता लिफ्टबद्दल. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी चढवली की चाकं लोंबकळतात, स्ट्रट पूर्ण लांब होतो, लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो. जो सैलपणा शोधायचा तोच त्या ताणात लपतो, आणि मेकॅनिक प्रामाणिकपणे सांगतो, "सगळं टाइट आहे साहेब." गाडी चार खांबांच्या रॅम्पवर किंवा खड्ड्यावर, चाकांवर उभी हवी. एकाने छप्पर धरून गाडी डावी-उजवी हलवायची, दुसऱ्याने खाली एकेक सांधा हातात धरायचा: लिंकचे बॉल, लोअर आर्मचा मागचा बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड. आवाज कानाला फसवतो, बोटांना नाही.

हाच नियम घट्ट करतानाही लागू. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर असतानाच टॉर्कला (ठरवून दिलेल्या आवळणीला) न्यायचे. लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

स्टेअरिंगचं लगेच कळेल. इंजिन चालू, गाडी उभी, स्टेअरिंग दोन बोटांनी अंगठ्याएवढं डावं-उजवं झटपट हलवा. तळहाताला ठक् लागलं तर कॉलमचा खालचा सांधा किंवा रॅक.

कोथरूडकर_४३

करून पाहिलं. डिकी, बॅटरी, बोनेट निर्दोष. हवा ३९ निघाली, स्टिकरवर ३३. कमी केल्यावर राइड मऊ झाली, टक-टक राहिली. ब्रेक दाबून फरक नाही. इंचभर पट्टीवर एका चाकालाही येते, दोन्ही चाकांनाही येते. ठोकळे नाहीत, तेल नाही. स्टेअरिंग हलवून काही नाही. लिंक सोडून चक्कर मारून घेतली, तरी आवाज तोच.

पाना१७

मग रॉड संशयातून सुटला. आता वर चला. बोनेट उघडा, डाव्या स्ट्रटच्या डोक्यावरची रबरी टोपी काढा. मधल्या नटवर बोटं ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी त्या कोपऱ्यावर जोराने भार देऊन सोडायला सांगा, पटापट. मग उजवीकडे तेच करा. डावीकडे बोटाला टिक लागते का?

कोथरूडकर_४३

लागते! भार सोडताना, दर वेळी. उजवीकडे अजिबात नाही.

पाना१७

तर स्ट्रट माउंट (स्ट्रटचं डोकं बॉडीला धरणारा रबरी भाग), आणि बहुधा मधला नटच. नट पुरता न बसल्याने शॉकअपचा दांडा माउंटमध्ये केसभर वर-खाली होतो. पेव्हर ब्लॉकवर दांड्यावरचा जोर सेकंदात कितीतरी वेळा उलटतो आणि दर उलटीला टक् वाजते. मोठ्या ब्रेकरवर तोच जोर सावकाश उलटतो, म्हणून गप्प.

असं होतं कसं? इम्पॅक्ट गनने आवळताना दांडाच नटबरोबर फिरतो. गन कडकडते, काम झाल्यासारखं वाटतं, नट मात्र टॉर्कला पोचलेला नसतो. दांड्याच्या टोकाला ॲलन की घालून तो धरायचा आणि नट टॉर्क रेंचने आवळायचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत आकडा ५० ते ७० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायला सांगा. नट सेल्फ-लॉकिंग असतो, तो नवाच हवा. आणि तुम्ही स्वतः हा नट सोडवू नका. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे, कंप्रेसर न लावता सुटला तर जिवावर बेतेल.

नट टॉर्कला नेऊनही टिक राहिली तर माउंटचं रबर किंवा बेअरिंग. बेअरिंगची खूण वेगळी: उभ्या गाडीचं स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग अडकून टणकन सुटते. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

जॉब कार्डवर "सस्पेन्शन नॉइज" एवढंच लिहू देऊ नका. असं लिहून घ्या: "डावा स्ट्रट, वरचा माउंट. कोपऱ्यावर भार देऊन सोडल्यावर मधल्या नटवर टिक जाणवते, उजवीकडे नाही. लिंक सोडूनही आवाज कायम." सही करण्याआधी टेक्निशियनचं बोट त्या नटवर ठेवून दाखवा.

काम झाल्यावर नट आणि दांड्यावरून आडवी रंगाची रेघ मारून घ्या, ५०० किमीनंतर ती तुटलेली दिसली तर नट फिरला. आणि स्ट्रट खाली काढलाच, तर परत घेताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या ब्रॅकेटमध्ये पुन्हा बसवली आहे का ते बघा. ती मोकळी राहिली की चाकाच्या आतल्या पत्र्यावर आपटते, आणि तिचा आवाज हुबेहूब असाच असतो.