मदत हवी आहे: इंग्रजी मजकुरात सोलापूर लिहायचं की शोलापूर?

नमस्कार मंडळी,

आमचे आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. त्यांनी आठवणींच्या वह्या लिहून ठेवल्या आहेत. घरातली पुढची पिढी परदेशात वाढतेय. मुलं मराठी बोलतात, पण त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी त्या वह्या इंग्रजीत आणतेय. काम बरंच पुढे गेलंय. अडलंय ते गावांच्या नावांवर.

पहिला प्रश्न आपल्याच गावाचा. आपण सोलापूरच म्हणत आलो, पण इंग्रजांच्या काळातल्या कागदांत एसनंतर एच घालून शोलापूर केलेलं असतं. मिलचं कंपनी म्हणून नावच 'शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग'. १९४९ साली मिल बंद पडली, मग ती चालवायला घेण्यासाठी केंद्र सरकारने १९५० मध्ये खास कायदा केला. त्या कायद्याच्या नावातही एच आहेच. उलट आजचा जिल्हा, महापालिका, विद्यापीठ, भौगोलिक मानांकन मिळालेली चादर, सगळीकडे एच नसलेलं सोलापूर.

आता आजोबांच्या एकाच पानावर मिल आहे, मार्शल लॉ आहे आणि चाळीतला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचा दिवसही आहे. एकाच परिच्छेदात दोन स्पेलिंगं आली तर मुलांना ती दोन वेगळी गावं वाटतील. १२ मे १९३० ला मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. हे चौघे कुठले, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून सांगता यायला हवं, एवढी माझी इच्छा आहे.

दुसरा प्रश्न आजूबाजूच्या गावांचा. बार्शीचं अगदी उलट झालंय. तिथे एच हवा, तर १८९७ ला सुरू झालेल्या छोट्या गाडीचं नाव इंग्रजीत 'बार्सी लाइट रेल्वे', आणि स्टेशन अजूनही 'बार्सी टाउन'. आजोबा ज्याला कुर्डुवाडी म्हणतात ते जुन्या वेळापत्रकात 'बार्सी रोड'. तालुक्यांचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत सांगोले, मंगळवेढे असं 'ए'काराने छापलंय, बाकी बरेच जण इंग्रजीत सांगोला, मंगळवेढा लिहितात. कोणतं धरू?

तिसरा, शेजारचे जिल्हे. आजोबांचा मामा विजापूरचा, आत्या गुलबर्ग्याला दिलेली, आणि तुळजापूरला जाताना उस्मानाबाद जिल्हा लागतो असं त्यांनी लिहिलंय. ही नावं आता बदललीत, मग जुनी ठेवू की नवी?

जाणकारांनी कृपया सांगावं. भाषांतराचा अनुभव असलेल्यांचं मत विशेष हवं आहे.

बाळीवेस: ताई, फार चांगलं काम हाती घेतलंय. माझं मत असं. तुमच्या स्वतःच्या वाक्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत एच नसलेलं सोलापूर, प्रसंग १९३० चा असो की १८७७ चा. गावाचं नाव बदललेलंच नाही, बदललं ते फक्त इंग्रजी स्पेलिंग. कंपनीचं नाव, कायद्याचं नाव, जुन्या वर्तमानपत्रातला उतारा हे मात्र जसं छापलंय तसंच ठेवा, त्यातलं एक अक्षरही दुरुस्त करू नका. आणि सुरुवातीलाच दोन ओळींची टीप द्या की दोन्ही स्पेलिंगं एकाच गावाची. तीच टीप पुढे मुलांना कामाला येईल, कारण इंग्रजांच्या काळातले कागद त्यांना एच घातल्याशिवाय सापडणार नाहीत.

कंबरतलाव: मी थोडा वेगळा विचार करतो. मार्शल लॉचं प्रकरण मी शोलापूर म्हणूनच लिहीन. त्या काळचे सरकारी हुकूम, खटले, सगळं त्याच नावाने आहे, वाचणाऱ्याला काळ जाणवतो.

बाळीवेस: काका, काळ जाणवायला आजोबांचं लिखाण पुरेसं आहे. वह्या मराठीत आहेत आणि त्यात त्यांनी सोलापूरच लिहिलंय. इंग्रजीत एच घातला तर त्यांच्या तोंडी साहेबाचा उच्चार जाईल. मला ते पटत नाही.

होटगीरोड: शेजारच्या जिल्ह्यांबाबत मात्र बाळीवेस यांचा नियम जसाच्या तसा लावू नका. उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, ते स्पेलिंग नाही, नावच बदललं. आजोबांनी उस्मानाबाद लिहिलंय तर तेच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'आताचं धाराशिव' एवढं जोडा. कर्नाटकात विजापूर आणि गुलबर्ग्यासाठी १ नोव्हेंबर २०१४ पासून विजयपुरा आणि कलबुरगी अधिकृत आहेत. आजोबांचं विजापूर इंग्रजी नकाशांवर बिजापूर होतं, त्यामुळे तिथे दोन्ही सांगावी लागतील. बार्शी तुमच्या वाक्यात एचसह, रेल्वेच्या नावात एचशिवाय. सांगोला, मंगळवेढा यांपैकी बोलण्यात जे आहे ते धरा आणि पूर्ण पुस्तकात एकच ठेवा. आणखी एक, 'मु. पो.' चं इंग्रजी 'ॲट पोस्ट' करू नका, बाहेरच्या वाचकाला काहीच कळत नाही. अमुक तालुक्यातलं गाव एवढं पुरे. 'डिस्ट्रिक्ट सोलापूर' पत्त्यात चालतं, वाक्यात 'सोलापूर डिस्ट्रिक्ट' बरं.

मूळ लेखिका: सर्वांचे मनापासून आभार. कंबरतलाव काका, तुमचा मुद्दा कळतो, पण आजोबांच्या तोंडी दुसरं नाव घालायला मन धजत नाही, म्हणून सोलापूर एचशिवायच ठेवते. मार्शल लॉच्या प्रकरणाला वेगळी टीप देईन, त्यात जुन्या कागदांतलं स्पेलिंग येईल. जिल्ह्यांसाठी होटगीरोड यांची पद्धत घेते.

एक राहिलंच. आजोबा संत सिद्धरामेश्वरांच्या संदर्भात सोलापूरचं जुनं नाव 'सोन्नलगी' लिहितात, आणि कानडी वचनांच्या इंग्रजी पुस्तकांत ते 'सोन्नलिगे' दिसतं. कानडी वाचणारं इथे कुणी असेल तर ते इंग्रजीत कसं लिहावं तेवढं सांगा.