पिल्सनरला मॅग्नम हॉप्स: शहाणपणा की शॉर्टकट?

माळवी_मुसाफिर (इंदूर)
माझा मावसभाऊ लंडनला असतो, घरच्या घरी पिल्सनर, म्हणजे फिकी सोनेरी बियर, करतो. तिकडे १९६३ पासून स्वतःपुरती बियर करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९१५ चा मध्य प्रदेश आबकारी कायदा आहे, म्हणून मी इथून फक्त सल्ले देतो. ‘रेसिपी टाका, सुदामानगरात करून बघतो’ असं कृपया कुणी लिहू नका.

तर, बियरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं म्हणजे हॉप्स; इतके दिवस तो नुसते चेक साझ जातीचे घालायचा. आता म्हणतोय, उकळीच्या सुरुवातीला जर्मन मॅग्नम घालतो आणि वासापुरते साझ शेवटी. मी म्हटलं, खुशाल घाल. हॉप्स तासभर उकळले की त्यांतल्या अल्फा आम्लाचं आयसो-अल्फा होतं, बियरचा कडवटपणा मुख्यतः त्याचाच. साझमध्ये अल्फा ३.५ टक्क्यांच्या आसपास, मॅग्नममध्ये १४ च्या. आता २० लिटरला कडवटपणाच्या मापात ३० आयबीयू पाहिजेत, म्हणजे लिटरमागे ३० मिलिग्रॅम आयसो-अल्फा. घातलेल्यातलं पाव अल्फाच कामी येतं असं धरा. साझ ६९ ग्रॅम लागतात, मॅग्नम १७. साझचा वास तर तासाभरात वाफेबरोबर जातो. मग वरचे ५० ग्रॅम घालायचे कशाला, चोथा वाढवायला? शिवाय तो चोथा थोडा वर्टही (बियर आंबवण्याआधीचा गोड काढा) पिऊन बसतो. तिखटाला लवंगी, रंगाला ब्याडगी. आपल्या आयांनी हेच केलं.

सराफा_रात्री_बारा
लवंगीचा दाखला तुमच्यावरच उलटतोय, दादा. नुसत्या ब्याडगीचा रस्सा आणि लवंगी घालून तिखट केलेला रस्सा, दोन्ही जिभेला सारखे लागतात का? ६९ ग्रॅम साझबरोबर अल्फाशिवायही पुष्कळ काही उतरतं, पॉलिफेनॉल्स (वनस्पतीतले तुरट पदार्थ) धरून. तोंडात जो भरीवपणा येतो त्यात त्यांचा वाटा असतो. चेक गावी पिल्झेनमध्ये १८४२ साली ही बियर जन्मली आणि तिथली पिल्सनर उर्केल अजूनही साझच घालते, तेही उकळीत वेगवेगळ्या वेळी. पैसे वाचवायचा हिशेब त्यांना येत नाही असं थोडंच आहे!

माळवी_मुसाफिर
उर्केल परंपराही विकते. भाऊ विकत नाही, पितो.

रसायनवाला
दोघंही ‘हाय-अल्फा’ (जास्त अल्फाचे हॉप्स) म्हणजे एकच वस्तू असल्यासारखं बोलताय. कोलंबस आणि मॅग्नम दोन्ही त्याच रांगेतले, पण कोलंबसच्या अल्फात कोह्युम्युलोनचा (अल्फा आम्लाचाच एक प्रकार) वाटा साधारण ३० टक्क्यांच्या वर, मॅग्नमच्या पंचविशीत. कोह्युम्युलोन जास्त तर कडवटपणा खरखरीत, हे १९७२ मध्ये रिग्बीनं मांडलं आणि तेव्हापासून घरी बियर करणारे ते पाठ म्हणतात. नंतर चाखून केलेल्या चाचण्यांनी त्याला एकमतानं दुजोरा दिलेला नाही. त्यामुळे त्या आकड्याला फार घाबरू नका. पण पिल्सनरला कोलंबस घालू नका, कारण त्याचा उग्र वास शेवटी थोडा तरी मागे राहतो. मॅग्नम त्या मानानं सभ्य. आणि फ्रीझरमध्ये टिकतोही चांगला, कोलंबसचं अल्फा लवकर उतरतं.

पलासिया_काकू
मला यात एक व्यवहाराची अडचण दिसते. स्वयंपाकघरातला काटा दोन ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. ६९ ग्रॅममध्ये दोन ग्रॅम चुकले तर फरक एकाही आयबीयूचा नाही. १७ मध्ये चुकले तर साडेतीन आयबीयू. फिक्या बियरमध्ये तेवढा फरक लपत नाही हो. पोराला आधी सोनाराकडच्यासारखा छोटा काटा घ्यायला सांग, मॅग्नमचं मग बघू.

माळवी_मुसाफिर
काकू, हा मुद्दा पटला. काट्याचं आजच कळवतो.

भिया_सुनो
भिया, तुमचा आयबीयू निघेपर्यंत सराफ्यातला भुट्ट्याचा कीस संपला.

नर्मदा_लाईन
हॉप्सवर एवढे तुटून पडलात, पाण्याचं कुणी नाव काढेना. लंडनचं पाणी कडक, कार्बोनेट भरपूर. पिल्झेनचं अगदी मऊ. कडक पाण्यात फिक्या माल्टची (मोड आणून वाळवलेलं धान्य) बियर केली की कडवटपणा बोचायला लागतो, साझ घाला नाहीतर मॅग्नम. नळाला नर्मदा येते त्या दिवशीची डाळ आणि बोरिंगच्या पाण्यातली डाळ, हा फरक आपल्या इंदूरकराला कुणी समजावायला नको. भावानं आरओचं पाणी घेऊन त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड घालावं. हॉप्सचा वाद मग.

सराफा_रात्री_बारा
पाण्याचं मान्य. पण म्हणून मॅग्नम निर्दोष ठरत नाही. उलट पाणी मऊ झालं की हॉप्सचे बारकावे आणखी उघडे पडतील. तिथेच तुमचा मॅग्नम सपाट लागेल, लिहून ठेवा.

रसायनवाला
मग लिहून कशाला, चाखूनच ठरवा. २० लिटर वर्ट करायचा, दोन पातेल्यांत १०-१० लिटर. एकात ३४ ग्रॅम साझ, दुसऱ्यात साडेआठ ग्रॅम मॅग्नम, दोन्हींना तासभर उकळी. शेवटचे साझ दोन्हीकडे सारखेच, यीस्टही एकच, तापमानही तेच. मग तीन ग्लास ठेवायचे, दोनांत एकच बियर. वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. तोच ओळखता आला नाही, तर ‘भरीव’ आणि ‘सपाट’ हे शब्द कुणी काढायचे नाहीत. हो, आणि बाटल्या तपकिरी घ्या. हिरव्या किंवा बिनरंगी काचेच्या बाटलीवर उजेड पडला की आयसो-अल्फाचा घाण वास सुटतो, मग सगळंच सारखं लागेल.

सराफा_रात्री_बारा
मंजूर. फक्त ग्लास वहिनी भरतील, भाऊ नाही. आणि एकदा ओळखलं तर ते नशीबही असू शकतं, तिनांतून एक म्हणजे काय मोठं. चार-पाच जण बोलवा आणि प्रत्येकाला दोनदा द्या.

माळवी_मुसाफिर
भावाला निरोप दिला. तो म्हणतो, साडेआठ ग्रॅम मोजायचा काटा आधी, वहिनीची परवानगी नंतर.