शार्दोने (पांढरी वाइन) पिंपात अडकलीय, मदत हवी आहे

थंड हवामानातल्या द्राक्षांची शार्दोने २२८ लिटरच्या ओकच्या पिंपात आंबवली. साखर पूर्ण उतरली, पण मॅलोलॅक्टिक (बॅक्टेरिया तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात तो टप्पा) काही सुरूच होईना. पीएच ३.१, तळघरात १३ अंश. घोट घेतला की हिरव्या सफरचंदाच्या आंबटपणाने दात शिवशिवतात. मागून लिंबाची साल, किंचित भाजलेला बदाम. या टप्प्यातून येणाऱ्या लोण्यासारख्या चवीचा मागमूस नाही (तो फार नकोच आहे मला, खरं तर). आठवड्यातून एकदा तळाचा यीस्टचा गाळ काठीने ढवळतोय. सल्फाइट (वाइन खराब होऊ नये म्हणून घालतात ते) अजून घातलेलं नाही, म्हणून धास्ती वाटते. पिंप १८-२० अंशांपर्यंत ऊबवून बॅक्टेरियाचं विरजण लावू, की हवा तापल्यावर आपोआप सुरू होईल म्हणून थांबू? आणि तोवर ढवळणं चालू ठेवू का? स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा.