वाळूवर निळसर-हिरवी साय पुन्हा पुन्हा धरते, नायट्रेट मात्र शून्य

पाणवेल:
माशांची टाकी ६० × ३६ × ३६ सेंमी, लावून पाच महिने झाले. झाडं: क्रिप्टोकोरीन, व्हॅलिस्नेरिया, जावा मॉस. मासे: १२ निऑन टेट्रा आणि ६ कोरीडोरस. एलईडी रोज ९ तास, हँग-ऑन (काठावर टांगलेला) फिल्टर, वेगळा कार्बन डायऑक्साइड नाही. पुढच्या काचेलगत वाळूवर गडद निळसर-हिरवी गिळगिळीत साय धरते. बोटाने ढकलली की अख्खी सुटते, ओल्या मातीसारखा कुबट वास येतो. काढली तरी तीन-चार दिवसांत पुन्हा तेवढीच. नायट्रेट ०, म्हणजे पाणी स्वच्छच ना? मग हे शेवाळ जगतंय कशावर? शेवाळ खाणारे मासे सोडू का?

गाळमित्र:
हे शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहेत, म्हणजे प्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू. सायीसारखं सुटणं आणि तो वास, दोन्ही खुणा पक्क्या. ओटोसिंक्लससारखे शेवाळखाऊ मासे किंवा गोगलगायी याला सहसा तोंड लावत नाहीत. जास्तीच्या माशांची विष्ठा मात्र वाळूत जाईल, तेव्हा मासे वाढवू नका.

खरी मेख शून्य नायट्रेटमध्येच आहे. झाडांना नायट्रोजन नायट्रेटमधून मिळतो, तो संपला की त्यांची वाढ अडते. साय मात्र गाळातून सुटणारा अमोनिया जागच्या जागी उचलते, काही जाती तर पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूही वापरतात. म्हणून पाणी तपासायच्या किटमध्ये काही दिसत नसलं तरी तिचं पोट भरतं.

तुमच्या टाकीचं माप ७८ लिटर येतं, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी साधारण ६५ लिटर धरा. सगळे डोस त्यावरच काढा.

आधी फिल्टर बंद करा, नाहीतर साय फाटून तुकडे टाकीभर पसरतात. बारीक नळीचा सायफन सायीच्या कडेला लावून ती ओढून घ्या, हाताने खरवडू नका. त्याच ओघात ५०% पाणी बदला. मग नायट्रेट वाढवायला पोटॅशियम नायट्रेट. ६५ लिटरला १० पीपीएम (लिटरमागे १० मिलिग्रॅम) नायट्रेटसाठी जेमतेम १ ग्रॅम लागतं, आणि घरगुती काट्यावर १ ग्रॅम नीट मोजता येत नाही. म्हणून २० ग्रॅम पाण्यात विरघळवून एकूण द्रावण ४०० मिली करा. त्यातलं २० मिली म्हणजे १ ग्रॅम. पुडीवर अमोनियम लिहिलेलं असेल तर ते खत टाकीत नको.

यानंतर फिल्टर परत चालू करून पूर्ण ७२ तास अंधार. दिवा बंद, चारही बाजूंनी जाड चादर, वर हवेला फट, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सतत चालू. खाणं नको, निरोगी निऑन आणि कोरीडोरस तीन दिवस सहज काढतात. मध्ये चादर उचलून डोकावू नका. चौथ्या दिवशी मेलेली साय ओढून पुन्हा ५०% पाणी बदला. हा टप्पा कधीच गाळू नका, कारण सडणारी साय ऑक्सिजन खाते आणि काही जाती मरताना विषही सोडतात. बदललेल्या पाण्यापुरतं नायट्रेट परत घाला, दिवा ६ तासांवर आणा.

झरा:
यात प्रवाहाची भर घालतो. हँग-ऑन फिल्टरचं पाणी वरच्या वर फिरतं, पुढच्या काचेचा तळ निपचित राहतो. छोटा पंप मागच्या कोपऱ्यातून खाली तिरका लावा. मॉसची टोकं हलकी डुलली की प्रवाह पुरेसा आहे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

वाळू आणि काचेच्या मधली हिरवी पट्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिला बाजूने उजेड मिळतो आणि साय पुन्हा तिथूनच वर चढते. जुनं प्लास्टिक कार्ड काचेलगत वाळूत खुपसून ती सोडवा, लगेच सायफन करा. मग काचेवर बाहेरून वाळूच्या उंचीइतकी काळी टेप लावा.

पाणवेल:
मॉसमध्येही थोडी अडकली आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड चालेल का? आणि एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक?

झरा:
पेरॉक्साइड वाळूवरच्या डागांसाठी ठेवा. ३% वालं, ६५ लिटरला दिवसाला जास्तीत जास्त ३० मिली. फिल्टर आणि पंप बंद करून सुई काढलेल्या सिरिंजने डागालगत हळूहळू सोडा, १५ मिनिटांनी दोन्ही चालू करा. मॉस आणि व्हॅलिस्नेरिया त्याने करपतात, तिकडे धार जाऊ देऊ नका. मॉस बाहेर काढून टाकीतून काढलेल्या पाण्यात झटकून धुवा, फार माखलेल्या फांद्या कापून टाका.

गाळमित्र:
एरिथ्रोमायसिनने साय जाते, पण त्याचा घाव फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंवरही पडू शकतो, आणि अर्धवट कोर्सने चिवट जिवाणू मागे उरतात. अंधाराच्या दोन फेऱ्या फुकट गेल्याशिवाय विचारच नको, तेव्हाही डोस पशुवैद्यकाला विचारून आणि अमोनिया, नायट्राइट रोज मोजून. तोवर दर तिसऱ्या दिवशी नायट्रेट मोजा. ५ च्या खाली उतरलं की द्रावणाचे १० मिली घाला, तेवढ्याने ५ पीपीएम चढतं.