नाशिकचा वृद्धाश्रम: दिवाळीत काय करायचं?

नमस्कार मंडळी,
दिवाळीला नाशिकच्या वृद्धाश्रमात ऑर्केस्ट्रा, फराळ आणि हॉलसाठी मोठा टीव्ही, असं डोक्यात आहे. सूचना कळवा.
(परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाची कार्यकारिणी)

दादा, नमस्कार,
फराळ जरूर द्या, पण ऑर्केस्ट्रा आणि टीव्ही नको असं मनापासून वाटतं. माझी आई तिथेच असते, सणाला इतके पाहुणे येतात की सगळ्यांना नटूनथटून खुर्चीत बसून टाळ्या वाजवाव्या लागतात आणि नंतर कोणी फिरकत नाही. त्यांना करमणूक कमी पडत नाहीये हो, हाताला काम कमी पडतंय.

मी गेले होते तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी मेथीच्या जुड्या हॉलमध्ये पेपरवर ठेवल्या, तर न बोलावता आज्या जमल्या. एकीला मुलांची नावंही आठवत नाहीत, पण हात भराभर चालत होते आणि शेजारणीला म्हणाली, "अगं कोवळे देठ कशाला टाकतेस?" त्यांचा एवढा ठणठणीत आवाज मी आधी ऐकलाच नव्हता.

1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये हेच तपासलं होतं. एका मजल्यावरच्यांना सांगितलं की खोली कशी लावायची, सिनेमा कधी बघायचा ते तुम्ही ठरवा आणि हे रोप तुम्हीच सांभाळा, दुसऱ्या मजल्यावर रोपांना पाणी नर्स घालणार. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त आनंदी आणि तरतरीत दिसली.

म्हणून म्हणते, त्याच पैशात तिथल्याच एखाद्या ताईंना मानधन देऊन आठवड्यातून दोन दुपारी बोलवू. वाती वळणं, कुंड्या, मोठ्या अक्षरातली पुस्तकं, जे ते मागतील ते, आणि ज्याला नुसतं व्हरांड्यात बसायचंय त्याला ओढून आणायचं नाही. शिवाय तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, तेव्हा रविवारी आपल्या मराठी शाळेची मुलं व्हिडिओ कॉलवर घेता येतील. तिथे एक गणिताचे निवृत्त सर आहेत, पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) तोंडपाठ, शिकवतील की! रंगपंचमीला जुन्या नाशिकच्या रहाडीत (रंगीत पाण्याच्या हौदात) उड्या मारलेले आजोबाही आहेत, ते ऐकायला आपणच बसू.

ताई,
पटलं. ऑर्केस्ट्रावाल्यांना आजच नाही कळवतो, शाळेच्या पालकांशीही बोलतो. कुंड्यांत काय लावायचं ते आईंना विचारशील का?

दादा,
विचारलं. गवती चहा आणि मोगरा. पण बाकीच्यांना विचारल्याशिवाय आणू नका म्हणाली.