नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत काम आहे, पोरांनाच नको?

टर्नर_अंबड: काल एका कारखानदार काकांनी इथे लिहिलं, "गेटागेटावर पाट्या लागल्यात, पण पेठ-सुरगाण्याच्या पोरांना फुकटची सवय झालीय." काका, पाटीवर असतं काय? "ट्रेनी पाहिजे." मी आयटीआय टर्नर. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, जॉब (घडवायचा तुकडा) लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं, व्हर्नियरने माप घ्यायचं. माप हललं की सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, हाक. तो ऑफसेट, म्हणजे माप दुरुस्त करायचा आकडा, टाकताना आमच्याकडे पाठ करून स्क्रीनसमोर असा उभा राहायचा, की आकडा दिसूच नये. अकरा महिने भरले की ब्रेक, मग शेजारच्या गेटला पुन्हा ट्रेनी. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात अप्रेंटिसला कामगार धरत नाहीत, का तर तो शिकायला आलाय. मग शिकवा ना!

कारखानदार_काका: लेक्चर छान. शिकवलेला एकही टिकला नाही, सेटर झाला की पळाला पुण्याजवळ चाकणच्या कंपन्यांत! माझं बिल मोठी कंपनी तीन-तीन महिने अडकवते, ते कुणी लिहीत नाही.

निफाडचा_बागायतदार: तुमची भांडणं चालू द्या. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला माणूस मिळत नाही, सगळ्यांना कंपनीचं आयकार्ड गळ्यात पाहिजे.

पेठची_ताई: दादा, आयकार्ड का नको? माझे आईवडील छाटणीच्या टोळीत होते. एकरी उक्तं काम, भाव मुकादम ठरवणार, पावसाळ्यातली उचल आधी कापणार. झोपायला बांधावर प्लास्टिकचा कागद. मी आज अंबडला पॅकिंगला आहे, पगार फार नाही, पण डोक्यावर पत्रा आहे.

निफाडचा_बागायतदार: आणि व्यापारी माल उचलून पसार होतो तेव्हा आमच्या डोक्यावर काय असतं? अवकाळीत मणी तडकले तरी मजुरी रोख द्यावी लागते. शेतकऱ्याला व्हिलन करू नका.

पेठची_ताई: व्हिलन कोण म्हणालं? कागदाच्या जागी दोन खोल्या बांधा म्हणतेय. पॅकहाऊस बांधलंच ना?

निफाडचा_बागायतदार: त्याला सबसिडी होती.

टर्नर_अंबड: घ्या! द्राक्षाला शीतगृह, माणसाला कागद.

सिडकोकर: धागा नोकरीचा होता ना? २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिना ८,००० मिळाले. सरकार देतंय तर रडायचं कशाला?

टर्नर_अंबड: सहा महिन्यांचे अकरा केले. बाराव्या महिन्यात काय? माझा भाऊ त्यातच होता, ऑफिसात झेरॉक्स काढायचा. आता घरी आहे. ८,००० मध्ये खोली, मेस आणि गावी पाठवायचे, एकदा भागवून दाखवा.

कारखानदार_काका: बरं बाबा, तू शहाणा. सेटिंग शिकवतो, पण दोन वर्षांचा बाँड.

पेठची_ताई: बाँडच्या नावाखाली मूळ मार्कशीट ठेवून घ्याल. माझ्या मैत्रिणीची एका ठेकेदाराकडे अजून अडकलीय.

कारखानदार_काका: मी ठेकेदार नाही! मार्कशीट नको मला.

टर्नर_अंबड: मग शिकवल्यावर पगार किती, तेही बाँडमध्ये लिहा. चाकणइतका नको, पण सेटरचा द्या. ट्रेनीचा नाही.

कारखानदार_काका: पगाराचं बघू.

टर्नर_अंबड: "बघू" अकरा महिने ऐकलंय काका. आकडा टाका.